जन आरोग्य योजनेतील नकार लेखी मिळावा

महोदय,

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची व्याप्ती जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने वाढवण्यात आली आणि शिधापत्रिकेचा रंग न पाहता प्रत्येक कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोफत उपचारांचे संरक्षण जाहीर झाले, हे स्वागतार्हच आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत, दीड लाखाच्या मर्यादेने सुरू झालेले काम इथवर आले, याचे श्रेय एकाच सरकारचे नाही. मात्र ही सारी इमारत शासन निर्णयांवर उभी आहे, आणि उपचार नाकारले गेले तर रुग्णाने कोणत्या आधारावर दाद मागायची, याचे उत्तर तिच्यात सापडत नाही.

न्यायालयांनी या बाबतीत हात आखडता घेतलेला नाही. खाट नाही म्हणून कोलकात्यातील एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलेल्या जखमी शेतमजुराच्या प्रकरणात, तातडीचे उपचार हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले. दोनच वर्षांनी पंजाबच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने, कोणत्याही राज्याची साधने अमर्याद नसल्यामुळे वैद्यकीय खर्चाच्या परताव्यावर मर्यादा घालणारे धोरण वैध ठरवले. मला हा निकाल चुकीचा वाटत नाही, कारण तिजोरीचा हिशेब सरकारनेच ठेवायचा असतो. पुढे २०१८ मध्ये, रुग्णालय सरकारी यादीत नाही एवढ्याच कारणावरून निवृत्त केंद्रीय अधिकाऱ्याचा दावा फेटाळता येणार नाही, प्रत्यक्ष उपचार झाले का हे पाहावे, असाही निकाल आला. पण तो अधिकारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचू शकला आणि त्याच्या हातात दावा नाकारल्याचे कागद होते.

आमच्या शेजारी राहणाऱ्या एका गवंड्याकडे तसा कागद नव्हता. पत्नीला योजनेत समाविष्ट असलेल्या खासगी रुग्णालयात दाखल करून त्याने केशरी शिधापत्रिका आणि आधार कार्ड आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाकडे, दिले. सायंकाळी खिडकीवरून सांगण्यात आले, "हे पॅकेजमध्ये बसत नाही, डिपॉझिट भरा." नाकारले कोणी, विमा कंपनीने, योजना राबवणाऱ्या राज्य आरोग्य हमी सोसायटीने की रुग्णालयानेच परस्पर, हे कोणीही लिहून दिले नाही. त्याने मुकादमाकडून उचल घेऊन पैसे भरले. नंतर तक्रार करायला गेल्यावर त्यालाच विचारले गेले, की नकाराचा पुरावा काय?

राजस्थानने २०२३ मध्ये, खासगी डॉक्टरांचा तीव्र विरोध असतानाही, आरोग्य हक्काचा कायदा संमत केला. महाराष्ट्रानेही कधीतरी त्या वाटेने जावे, अशी माझी इच्छा आहे. पण तोवर एवढे तरी व्हावे, की पूर्वमंजुरीचा, म्हणजे उपचारांआधी योजनेकडून घ्यायच्या मंजुरीचा, अर्ज पाठवताच त्याचा नोंदणी क्रमांक रुग्णाच्या नातेवाइकाला मिळावा. मंजुरी नाकारली गेल्यास कारण, नाकारणाऱ्याचे पद आणि वेळ मराठीत छापलेली प्रत त्याच्या हाती पडावी. आणि ती प्रत दिल्याशिवाय योजनेतील कोणत्याही रुग्णालयाला अनामत रक्कम घेता येऊ नये. यासाठी विधिमंडळाच्या अधिवेशनाची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्या मार्गाने व्याप्ती वाढवली, त्याच मार्गाने, म्हणजे एका शासन निर्णयाने, सार्वजनिक आरोग्य विभाग हे करू शकतो.

आपला,
एक वाचक, सांगली