पंप दुरुस्त करायला आलेल्या मिस्त्रीमामांस

मिस्त्रीमामा,

सप्रेम नमस्कार.

प्रजासत्ताक दिनी शाळेत तुमचा सत्कार करायचं आम्ही ठरवलं होतं. "शाल-नारळ नको, माझं नावबी कुठं छापू नका," असं तुम्ही सांगितलंत, म्हणून नाव न घेता हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस, लातूर जिल्ह्यातल्या औशाकडच्या चार गावांतून तुम्हाला फोनवर फोन, आणि तुम्ही शनिवारची अख्खी सकाळ आमच्या सातवीच्या लेकरांना दिलीत. एक रुपया घेतला नाहीत. उलट पाइप आणि दोन बॉलव्हॉल्व्ह स्वतःच्या दुकानातून आणलेत. तुमचे मनापासून आभार.

हवेचा दाब हा धडा सगळ्या शाळांत शिकवला जातो. व्याख्या पाठ होते, आकृती काढली जाते, परीक्षेत मार्कही मिळतात. पण हवेला वजन आहे आणि ती आपल्याला चहूबाजूंनी दाबते आहे, हे लेकरांच्या मनाला पटत नाही, कारण तो दाब कुणालाच जाणवत नाही. तुम्ही तो दाखवलात, आणि तोही रोजच्या मोटारीवर.

शाळेच्या टाकीवरची मोटार नुसती गरगरत होती, पाणी धरत नव्हती. तुम्ही पाणी मोटारीकडे नेणाऱ्या सक्शन पाइपच्या जॉइंटवरून ओला हात फिरवलात, एका जागी थांबलात आणि तिथं ओली काळी माती थापलीत. मोटारीत वरून पाणी भरून बटण दाबलंत, आणि पाणी आलं. भोवती जमलेल्यांपैकी एका पोरीनं विचारलं, "माती लावल्यानं मोटारीला जोर कसा आला?" त्यावर तुमचं उत्तर मी तसंच्या तसं लिहून ठेवलं आहे: "मोटार पाणी वढत नसती बाळा. ती निस्ती पाइपातली हवा काढती. पाणी वर ढकलती ती भायेरची हवा. जॉइंटातून हवा आत शिरली की ढकलायला कोण उरतंय?"

तुमच्या त्या उत्तरावरून शनिवारचा बेत ठरला.

शाळेशेजारच्या विहिरीला चांगला कठडा आहे, आणि त्या दिवशी पाणी कठड्यापासून अडतीस-चाळीस फूट खाली होतं. तुम्ही जाड, जाळीचा पारदर्शक पाइप आणला होता. गवंडी वापरतात तो साधा लेव्हलचा पाइप चालणार नाही, तो आतल्या आत चपटा होईल, हेही तुम्ही लेकरांना आधीच सांगितलंत. पाइपावर दर फुटाला काळी टेप. हौदात लाल औषध (पोटॅशियम परमँगनेट) टाकून पाणी जांभळं केलं, त्यानं पाइप काठोकाठ भरला, दोन्ही तोंडं बॉलव्हॉल्व्हनं बंद केली. मग एक तोंड दगड बांधून विहिरीत सोडलं, दुसरं कठड्याच्या खांबाला बांधलं. तुमचा मदतनीस पायऱ्यांनी खाली उतरला आणि पाण्याखाली हात घालून त्यानं खालचा व्हॉल्व्ह उघडला.

वरचं तोंड बंद, खालचं उघडं. सगळी लेकरं कठड्याशी दोरीमागं उभी. अर्ध्या जणांना वाटत होतं पाणी सगळं खाली पडणार, अर्ध्यांना वाटत होतं जागचं हलणार नाही. दोघांचंही खरं झालं नाही. जांभळं पाणी आमच्या डोळ्यांसमोर पाइपातून खाली सरकलं, सात-आठ फूट उतरलं आणि थांबलं. वरच्या टोकाशी बारीक बुडबुडे फुटत होते, उकळी फुटल्यासारखे, आणि पाणी तर गारच. खालून टेपा मोजल्या. विहिरीच्या पाण्यापासून तीस फुटांच्या आसपास पाण्याचा खांब उभा होता, कशाच्याही आधाराशिवाय. आधार होता तो विहिरीतल्या पाण्यावर बसलेल्या हवेचा.

"वरच्या रिकाम्या जागेत काय हाय?" तुम्ही विचारलंत. "हवा," सगळे ओरडले. तुम्ही वरचा व्हॉल्व्ह जरासा उघडलात. सुस्स करून हवा आत शिरली आणि तीस फूट पाणी एका झटक्यात विहिरीत गेलं. आत आधीच बाहेरच्याएवढी हवा असती तर बाहेरची हवा अशी धावत आत कशाला गेली असती, हे मग कुणाला समजवावं लागलं नाही.

सोमवारी मी वर्गात या तीस फुटांचा इतिहास सांगितला, आणि तो तुम्हालाही कळायला हवा, कारण त्याची सुरुवात तुमच्यासारख्याच माणसांपासून होते. इटलीत खाणी आणि विहिरींवर पंप बसवणाऱ्यांना सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात कळून चुकलं होतं की सक्शन पंपानं पाणी साधारण १० मीटरच्या वर चढतच नाही, पंप कितीही चांगला बनवा. गॅलिलिओलाही हा पेच माहीत होता. त्याच्याकडे काम केलेल्या टॉरिचेलीनं १६४३ च्या सुमारास पाण्याऐवजी पारा घेतला. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून त्याचा खांब ७६ सेंटिमीटरवरच थांबला. ७६ ला १३.६ नं गुणलं की १० मीटर ३३ सेंटिमीटर येतात, म्हणजे जवळपास ३४ फूट पाणी. पोरांनी फळ्यावर गुणाकार केला आणि एकानं लगेच विचारलं, मग आपल्या विहिरीत चार फूट कमी का भरले?

उत्तर १६४८ मध्ये मिळालेलं आहे. फ्रान्समध्ये पास्कल या शास्त्रज्ञानं आपल्या मेहुण्याला पाऱ्याची नळी घेऊन प्यूय द दोम डोंगरावर चढायला लावलं, आणि वर पारा आठेक सेंटिमीटर खाली आला. उंचावर डोक्यावरची हवा कमी, म्हणून दाबही कमी. लातूरचा पट्टा समुद्रापासून साधारण ६०० मीटर उंच आहे. इथं हवा पाण्याला ९.६ मीटर, म्हणजे साडेएकतीस फुटांच्या आसपासच पेलते. उरलेला फूट-दीड फूट त्या बुडबुड्यांनी खाल्ला: पाण्याची वाफ आणि पाण्यात विरघळलेली हवा रिकाम्या जागेत निघते आणि खांबाला वरून थोडं दाबते.

तुम्ही शेतकऱ्यांना सांगता, "पाण्यापासून वीस-बावीस फुटांच्या वर मोटार ठिवू नका." फूटव्हॉल (पाइपाच्या तळाची झडप), कोपरे आणि पाइपातली घासण यात बाकीचा दाब जातो, म्हणून तुमचा आकडा अगदी बरोबर आहे. २०१६ साली, जेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा पाणी खाली जाईल तशा मोटारी विहिरीत खाली खाली उतरवाव्या लागत होत्या. मोटारीचा जोर कमी पडला असं लोक म्हणत. लेकरांना आता खरं कारण माहीत आहे: पंप बदलता येतो, हवा बदलता येत नाही. मोटेला ही अडचण नव्हती, कारण मोट पाणी खालून उचलून आणते. सबमर्सिबलही तळाशी बसून वर ढकलते, म्हणून बोअरचं पाणी शेकडो फुटांवरून येतं.

त्यानंतर घरोघरी जे सुरू झालं ते तुम्ही पाहायला हवं होतं. आता ही लेकरं सांगतात आणि आया ऐकतात.

ग्लास पाण्यानं भरायचा, वर जुनी लग्नपत्रिका ठेवायची, तळहातानं दाबून उलटा करायचा आणि हात काढायचा. पत्रिका चिकटून राहते. १० सेंटिमीटर उंचीचं पाणी दर चौरस सेंटिमीटरला १० ग्रॅम भार देतं आणि आपल्याकडची हवा खालून साडेनऊशे ग्रॅमपेक्षा जास्त रेटते. एका मुलानं अर्धाच ग्लास भरून पाहिला, तरी जमलं. आत हवा असूनही? पत्रिका केसभर खाली सरकते, आतली हवा तेवढीच पसरते आणि तिचा दाब घटतो. तेवढा फरक पुरतो, आणि काठाची बारीक फट पाण्याच्या पृष्ठताणानं बंद राहते.

दुसरा प्रयोग दोन स्ट्रॉचा. दोन्ही तोंडात धरायच्या, एक सरबतात बुडवायची, दुसरी ग्लासाबाहेर ठेवायची. कितीही ओढा, सरबत येत नाही. हा तुमचाच फुटका जॉइंट, फक्त तोंडात.

मेणबत्तीच्या प्रयोगाबद्दल मात्र मला जरा जास्त लिहायचं आहे. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात चढतं. कितीतरी ठिकाणी याचं कारण असं सांगतात की ऑक्सिजन जळून गेला आणि त्याच्या जागी पाणी आलं. आमच्या एका मुलीनं घरी नीट पाहिलं: आधी ग्लासाच्या काठातून बुडबुडे बाहेर आले, आणि पाणी खरं चढलं ते ज्योत विझल्यानंतर. ऑक्सिजन जळताना हळूहळू संपत असता तर पाणीही हळूहळू चढलं असतं. खरं असं की गरम हवा पसरून बाहेर निघून जाते, ज्योत विझल्यावर उरलेली हवा गार होऊन आकसते, आणि बाहेरची हवा पाणी आत ढकलते. तिनं दोन मेणबत्त्या लावल्या तर पाणी आणखी वर गेलं. ऑक्सिजन तर तेवढाच होता! हे निरीक्षण तिनं पुस्तक न बघता केलं, आणि मला त्याचा फार आनंद झाला.

कुकर गार झाल्यावर झाकण निघत नाही, शिट्टी उचलली की सुस्स होतं आणि निघतं, हे तर तीन-चार जणांनी स्वतःहून येऊन सांगितलं. "विहिरीवर झालं तसंच," असं म्हणाले.

पाइप धुऊन, गुंडाळून शाळेच्या कपाटात ठेवला आहे. तुम्ही म्हणालात "राहू द्या लेकरायला", तरी तो तुमचा आहे, लागेल तेव्हा हक्कानं न्या. आणि पोरांचा एक निरोप आहे: डिझेलच्या कॅनमधून नळीनं डिझेल काढतात तेव्हा एकदा ओढल्यावर ते आपोआप का येत राहतं, हे त्यांना तुमच्याकडूनच ऐकायचं आहे. अर्थात पाण्यावर, डिझेलवर नाही. पाण्याच्या पाळ्या संपल्या की एखादा शनिवार कळवा. दोन बादल्या आणि बाक आम्ही तयार ठेवतो.

आपली,
सातवीची वर्गशिक्षिका