वाय-फायच्या आधी केबलचा नकाशा दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठाचा परिसर ‘संपूर्ण वाय-फाय’ झाल्याची कालची बातमी आणि फीत कापतानाचा फोटो पाहिला. माझी सगळी नोकरी याच विद्यापीठाच्या संगणक केंद्रात झाली. त्यामुळे बातमी वाचून जो राग आला तो आज सकाळपर्यंत उतरलेला नाही.

ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय सोडणारे डबे, किती बसवले, खर्च किती झाला, हे सगळे तुम्ही छापले. ते ज्या स्विचना, म्हणजे नेटवर्कच्या केबल एकत्र येतात त्या पेट्यांना, जोडले आहेत ते किती जुने? रॅकमधल्या यूपीएसच्या बॅटऱ्या शेवटच्या कधी बदलल्या? एका इमारतीतून दुसरीकडे जाणारी फायबर नेमकी कुठून गेली आहे, याचा नकाशा कोणाकडे आहे? यातले तुमच्या बातमीदाराने काहीच विचारलेले नाही. नकाशा नाही, हे मीच सांगतो. गटाराच्या कामात जेसीबीने फायबर तोडली की मगच ती तिथे होती हे कळते. दोन इमारतींमध्ये तर अजून तांब्याची केबल गच्चीवरून टांगलेली आहे. वळवाच्या पावसात वीज कडाडली की दोन्ही टोकांची पोर्टे, म्हणजे स्विचमधली केबल खोचायची खोबणी, जळतात.

मागे एकदा ऑनलाइन परीक्षेच्या दिवशी गोंधळ झाला तेव्हा तुमच्याच पहिल्या पानावर ‘सर्व्हर डाऊन’ असा मथळा होता. त्या दिवशी सर्व्हर ठणठणीत होता. मी त्याच खोलीत उभा होतो, म्हणून छातीठोकपणे सांगतो. परीक्षा विभागात एका कपाटामागे आठ पोर्टचा साधा स्विच होता, कोणीतरी किरकोळ खर्चातून आणलेला. साफसफाईत कपाट हलवले, पॅचकॉर्ड, म्हणजे जोडणीची आखूड केबल, निघाली, ती कोणीतरी चांगल्या मनाने परत खोचली. दोन्ही टोके त्याच स्विचमध्ये. याला लूप म्हणतात. ब्रॉडकास्टचे पॅकेट, म्हणजे सगळ्या यंत्रांना उद्देशून सोडलेला संदेश, त्यात शिरले की फिरतच राहते आणि प्रत्येक फेरीला त्याच्या प्रती सगळीकडे सुटतात. बघता बघता कोअर स्विचचे, म्हणजे सगळ्या इमारती जिथे जोडल्या जातात त्या मुख्य स्विचचे, सगळे दिवे एकदम लुकलुकू लागले आणि परीक्षा विभाग, ग्रंथालय, वित्त विभाग, मुलींचे वसतिगृह सगळेच बंद. आम्ही एकेका इमारतीकडून येणारी केबल (अपलिंक) काढून फोनवर विचारत होतो, ‘आता आले का?’ केबलवर लेबले नव्हती, त्यामुळे हातात आलेली केबल कोणत्या इमारतीची हेही उपसल्यावरच कळायचे. दारात एका विद्यार्थिनीचे वडील उभे होते. मुलगी पेपर अर्धा टाकून बाहेर आली होती. त्यांना काय सांगायचे ते मला सुचले नाही.

हे टाळता येत नव्हते असे कोणी म्हणू नये. लूप रोखणारा स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली तयार केला. मॅनेज्ड स्विचमध्ये, म्हणजे ज्याची मांडणी आपल्याला ठरवता येते अशा स्विचमध्ये, ती सोय असते. जोडीला लूप-प्रोटेक्शन चालू असेल तर तेवढे एक पोर्ट बंद पडते, बाकीच्यांचे काम चालू राहते. आमच्याकडे ठेकेदाराने स्पॅनिंग ट्रीच बंद करून ठेवला होता, कारण संगणक लावल्यावर पोर्ट चालू व्हायला अर्धा मिनिट लागतो अशी कोणीतरी तक्रार केली होती. त्यात सगळा परिसर एकाच सपाट, म्हणजे भाग न पाडलेल्या, नेटवर्कवर. परीक्षा, वित्त आणि वसतिगृहे यांचे व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवरचे स्वतंत्र कप्पे, वेगळे करा, असे टिपण मी आधीच दिले होते. फाईल खरेदी समितीकडे गेली आणि तिथेच राहिली. अहो, यात खरेदी करायची नव्हतीच! असलेल्या स्विचवर बसून काम करायचे होते.

बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयाचे नेटवर्क नोव्हेंबर २००२ मध्ये स्पॅनिंग ट्रीच्याच बिघाडाने कोसळले होते. डॉक्टर-परिचारिकांना कागदावर यावे लागले. काय चुकले ते त्यांनी जगासमोर मांडले आणि नेटवर्कची नव्याने बांधणी केली. आपल्याकडे चौकशी झाली आणि कपाट हलवणाऱ्या शिपायाला मेमो मिळाला.

वेगवान इंटरनेट विद्यापीठात प्रथमच आले, असे बातमीत म्हटले आहे; तेही खरे नाही. अर्नेट हे शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणारे केंद्राचे नेटवर्क १९८६ साली सुरू झाले तेव्हा पहिल्या आठ संस्थांत पवईची आयआयटी आणि जुहूची एनसीएसटी (केंद्राची सॉफ्टवेअर संशोधन संस्था) या मुंबईतल्याच दोन होत्या. विद्यापीठांना एक जीबीपीएसची (सेकंदाला एक गिगाबिट) जोडणी देण्याची केंद्राची योजना २००९ सालची. ती आमच्याकडेही आली. पण गेटपाशी आलेला वेग वर्गापर्यंत जाईल कसा? वसतिगृहात ॲक्सेस पॉइंट बोळात लावतात, मुले काँक्रीटच्या भिंतीपलीकडे. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. मुले वैतागून स्वतःचे राउटर आणतात आणि तेही याच चॅनेलवर ओरडत बसतात. नेटवर्कवर प्रत्येक फोनला एक क्रमांक, म्हणजे पत्ता, लागतो आणि सभागृहाच्या नेटवर्कला असे २५४ पत्ते. एका कार्यक्रमाला आलेल्यांचे फोन ते घेऊन जातात आणि मुदत संपेपर्यंत सोडत नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या मुलांना पट्ट्या पूर्ण दिसतात, पान मात्र उघडत नाही. नवे ॲक्सेस पॉइंट लावून यातले काहीही सुटणार नाही.

शेवटी एक गोष्ट लिहितोच. मी निवृत्त झालो ती जागा भरलेली नाही. सगळा परिसर अकरा महिन्यांच्या करारावरची तरुण मुले सांभाळतात. कोअर स्विचचा पासवर्ड अजून ठेकेदाराकडे आहे. रात्री फायबर तुटली तर हीच मुले बॅटरी घेऊन खड्ड्यात उतरतात आणि त्यांचे मानधन महिनोन्महिने रखडते. फीत कापतानाच्या फोटोत त्यांतला एकही नव्हता. तुमच्या बातमीदाराने पुढच्या खेपेस कुलसचिवांना त्यांचे मानधन कधी निघणार ते विचारावे आणि मिळालेले उत्तर तारखेसह छापावे.

आपला,
एक निवृत्त तांत्रिक कर्मचारी
(नाव छापू नये ही विनंती)