मुलांना कोश उघडायला शिकवा

संपादक महोदय,

चौथीच्या मुलांना 'प्रवाह' हा शब्द कोशात शोधायला सांगितला, तर बरीचशी मुले 'प' सापडताच 'पर'पाशी जातात आणि तिथे तो मिळाला नाही की, 'बाई, यात हा शब्दच नाही,' असे सांगून कोश मिटतात. प्राथमिक शाळेत शिकवताना हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. या मुलांना मुळाक्षरे आणि बाराखडी तोंडपाठ असते; परंतु कोशात जोडाक्षराने सुरू होणारे शब्द त्या व्यंजनाची बाराखडी संपल्यावर येतात, त्यामुळे 'प्रवाह' हा 'पौर्णिमा' आणि 'पौष' यांच्याही पुढे सापडतो, हे त्यांना कोणी दाखवलेले नसते.

म्हणायचा क्रम आणि कोशाचा क्रम यांत आणखीही फरक आहेत. 'अं' आपण 'औ'नंतर म्हणतो, पण बहुतेक कोशांत 'अंगण' हा शब्द 'अकरा'च्या आधी असतो. 'क्ष' आणि 'ज्ञ' मुळाक्षरांच्या शेवटी येतात. अनेक कोशांत मात्र ती जोडाक्षरे म्हणून 'क' आणि 'ज' यांच्या पोटात असतात. त्याहून अवघड गोष्ट मूळ रूप ओळखण्याची. धड्यात 'पाण्याला' असले तरी कोशात 'पाणी' पाहावे लागते आणि 'गेला'साठी तर थेट 'जाणे' गाठावे लागते. सामान्यरूप म्हणजे काय, हे मुलांना अशा शोधातून जितके नीट उमगते तितके व्याख्येतून उमगत नाही, असा माझा अनुभव आहे. घरात जुना कोश असेल, तर 1962च्या लेखननियमांपूर्वीचे 'कवि' आणि 'नांव' पाहून मूल गोंधळते, तेव्हा तेही समजावून सांगावे लागते.

हे शिकवायला फारसे साहित्य लागत नाही. तिसरीच्या वर्गात मुलांची नावे चिठ्ठ्यांवर लिहून ती क्रमाने लावायला सांगावीत. 'अमृता' आधी की 'अमोल', 'स्वरा' ही 'सोनाली'च्या नंतर का, यावर मुले हिरिरीने वाद घालतात आणि क्रम त्यांच्या मनात पक्का बसतो. अर्थ मोबाइलवर मिळतो, हे खरे आहे. पण कोशात 'जल' शोधणाऱ्या मुलाला शेजारीच 'जलचर' आणि 'जलाशय' भेटतात व शब्दांची कुळे दिसू लागतात.

यासाठी प्रत्येक वर्गात मुलांच्या हाताला येईल असा एक तरी कोश असावा. मी पाहिलेल्या एका शाळेत तो कार्यालयातल्या कपाटात कुलूपबंद होता. पाठ्यपुस्तकांत प्रत्येक धड्याखाली शब्दार्थ दिले की मुलाला शोधायला काही उरत नाही. म्हणून तिसरीपासून ते सारे शब्द पुस्तकाच्या शेवटी कोशक्रमाने छापावेत, अशी पाठ्यपुस्तक मंडळाला माझी कळकळीची विनंती आहे.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा