ओंकारला पत्र

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

रविवारी जेवताना तू टीममधल्या अरुणाचलच्या मुलीबद्दल सांगत होतास. मीटिंग संपल्यावर तू तिला म्हणालास, "तुझं हिंदी भारी आहे!" ती नुसतं 'थँक्स' म्हणून लॅपटॉप मिटून उठली. "एवढं कौतुक केलं तरी चेहरा कोरा," म्हणून तू हसलास. आईसमोर मी बोललो नाही. फोनवर तू नुसतं "हो बाबा, हो बाबा" करतोस, म्हणून हे पत्र.

अरे, अरुणाचलात २६ प्रमुख जमाती, भाषा वेगवेगळ्या. एकमेकांशी बोलायला तिथे बहुतेकांना हिंदीच लागतं. शाळेत हिंदी, बाजारात हिंदी. आणि दाद कोण देतंय? "मेरेको मालूम नहीं" म्हणणारे आपण कराडकर! तिचा चेहरा बघून तू तिला परकी धरलंस, म्हणून तुला नवल वाटलं. तिला कौतुकाऐवजी ते नवलच ऐकू गेलं.

याला मायक्रोअ‍ॅग्रेशन म्हणतात, म्हणजे बोलणाऱ्याच्या ध्यानातही न येणारा, पण ऐकणाऱ्याला परकं ठरवणारा छोटासा टोमणा. चेस्टर पीअर्स या हार्वर्डमधल्या कृष्णवर्णीय मानसोपचारतज्ज्ञाने १९७० मध्ये अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या रोजच्या अनुभवावरून हा शब्द काढला.

मला तो फार उशिरा कळला. १९८६ साली फोर्टमधल्या ऑफिसात लागलो, तेव्हा साहेब म्हणाले, "तू घाटावरचा? बोलण्यावरून वाटत नाही हो!" मी खूश झालो. अगदी खरंच. आणि त्या दिवसापासून 'लई' नि 'न्हाई' गिळायला लागलो. दिवाळीला घरी आलो तर तुझी आजी म्हणाली, "काय रं, सायबावानी बोलाय लागलास?" साहेब माणूस चांगला होता, मला पर्मनंट त्यांनीच केलं. म्हणूनच ते वाक्य कुठे लागलं हे कळायला इतकी वर्षं गेली.

"मूळची कुठली?", "डब्यात मोमो का?", "तिकडे पासपोर्ट लागतो का?" हे ती आठवड्यात किती वेळा ऐकत असेल, कोण जाणे. २०१४ च्या जानेवारीत दिल्लीत लाजपतनगरच्या एका दुकानात अरुणाचलच्याच एका विद्यार्थ्याच्या केसांची चेष्टा झाली. त्यावरून भांडण, मग मारहाण, आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. त्यानंतर ईशान्येकडच्या लोकांना इतर राज्यांत काय सोसावं लागतं हे बघायला केंद्राने बेजबरुआ समिती नेमली. तुझं बोलणं त्या पंगतीत बसवत नाही मी. पण तिला पुण्याला धाडताना तिच्या आईला तो मुलगा आठवला नसेल का?

आता जाऊन लांबलचक माफी मागू नकोस. उलट तिलाच तुझी समजूत काढत बसावं लागेल. कामाचं बोल. आणि कुणी पुन्हा मोमोचा विनोद केला, तर तू हसू नकोस.

एक राहिलं. "खरं नाव जमत नाही, म्हणून आम्ही तिला रिंकी म्हणतो," म्हणालास. आई तिला गौरीजेवणाला बोलव म्हणते आहे. पुढच्या रविवारी फोन करशील तेव्हा तिचं नाव नीट विचारून घेतलेलं असू दे. आम्ही दोघं म्हणून बघू.

तुझे,
बाबा