नक्कल म्हणून निकालात काढण्यापूर्वी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रेम्ब्रां या डच चित्रकाराच्या छायाप्रकाशाचा अभ्यास म्हणून केलेल्या एका व्यक्तिचित्राची आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘निव्वळ नक्कल’ या दोन शब्दांत बोळवण केली आहे. ते चित्र मी प्रदर्शनात प्रत्यक्ष पाहिले असल्याने हे पत्र लिहीत आहे.

रेम्ब्रांच्या (१६०६–१६६९) कार्यशाळेत शिष्य गुरूची आत्मचित्रे उतरवूनही शिकत. हेगच्या मॉरित्सहौस संग्रहालयातले, गळ्याशी चिलखताची पट्टी असलेले त्याचे तरुणपणीचे आत्मचित्र दीर्घकाळ अस्सल समजले जात होते. गेल्या शतकाच्या अखेरीस ती कार्यशाळेतली प्रत ठरली आणि मूळ चित्र न्यूरेंबर्गमधले, असे मानले जाऊ लागले. जाणकारांनाही चकवणारी अशी प्रत करणाऱ्या हाताला नुसता नकलाकार म्हणून कसे चालेल?

प्रस्तुत चित्रात दोष नाही असे नाही, पण समीक्षकांनी तो सांगितलेलाच नाही. रेम्ब्रांच्या उत्तरकालीन चित्रांत कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर शिशापासून केलेला पांढरा रंग इतका जाड बसलेला असतो की त्याच्या उंचवट्यांवर खोलीतला उजेडही अडतो. याउलट सावली पातळ, पारदर्शक असते आणि तिच्यातून खालचा तपकिरी थर जाणवत राहतो. या चित्रकाराने उजेड आणि अंधार दोन्ही सारख्याच जाडीने लावले, शिवाय सावलीत काळा मिसळला, त्यामुळे डावा गाल मागे सरण्याऐवजी चेहऱ्याला भोक पडल्यासारखा दिसतो. (ही चूक मी स्वतः अनेकदा केली आहे, काळा रंग हाताशी असला की मोह आवरत नाही.) सावलीतल्या डोळ्याखाली उतरलेला उजेडाचा त्रिकोण मात्र नेमका साधला आहे.

कानाच्या पाळीखाली, कॉलरला लागून, बोटभर जागेत या चित्रकाराने तपकिरी अस्तर तसेच उघडे सोडले आहे, आणि तेवढ्याच जागी मान खरोखर वळल्यासारखी वाटते. समीक्षकांनी पुन्हा जाऊन निदान ती जागा जवळून पाहावी, कारण पुरवणीतल्या छायाचित्रात ती नुसती काळी छापली गेली आहे.

आपला विश्वासू,
एक चित्रकार वाचक