तळहातावर लिहिणाऱ्याचं मानधन ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२७ जूनला हेलन केलर या अमेरिकन बधिरांध, म्हणजे ऐकू न येणाऱ्या आणि न दिसणाऱ्या, लेखिकेचा जन्मदिवस येतो. त्यांचा फोटो, पंपाखालच्या पाण्याची गोष्ट आणि ‘जिद्द असेल तर’ वगैरे छापून येतं. जरूर छापा. पण १९०४ मध्ये त्या रॅडक्लिफ कॉलेजातून पदवीधर झाल्या, तेव्हा शेजारी बसून प्राध्यापकांचं बोलणं त्यांच्या तळहातावर बोटांनी उतरवणाऱ्या त्यांच्या शिक्षिका अ‍ॅन सलिव्हन एका ओळीत आटोपतात. या बाई १८८७ मध्ये हेलनच्या घरी आल्या त्या १९३६ मध्ये वारेपर्यंत सोबत राहिल्या, आणि त्यांची स्वतःचीच नजर अधू होती. १९५५ मध्ये हेलन भारतात येऊन गेल्या, तेव्हा सोबत त्यांच्या सहायिका पॉली थॉमसन होत्या. नुसत्या जिद्दीवर हेलन अलाबामातल्या घराचा उंबरठासुद्धा ओलांडू शकल्या नसत्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझा धाकटा भाऊ बधिरांध आहे. जन्मापासून ऐकू येत नव्हतं. मूकबधिर शाळेत शिकला, सायकलवर अख्खं गाव फिरायचा. पुढे दिवेलागणीला दाराच्या चौकटीला धडकायला लागला. डॉक्टरांनी अशर सिंड्रोम सांगितला. त्यात बहिरेपण बहुतेकदा जन्मतः असतं आणि डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होत जातो. आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग कडेचं, मग समोरचंही आकसतं.

आमचं घर पद्मशाली. घरात तेलुगू, बाहेर मराठी आणि भावाच्या तळहातावर मराठीच, कारण शाळेत त्याने तीच अक्षरं गिरवली. आई बिड्या वळायची, तिला लिहिता येत नव्हतं. तिने आपल्या खुणा बसवल्या: मनगटावर दोन टिचक्या म्हणजे जेवायला चल, खांद्यावरून हात फिरवला की कुणीतरी आलंय. मी बोटाने लिहिते. वरची रेघ द्यायची नाही, जोडाक्षर फोडून लिहायचं, शब्द संपला की तळवा पुसल्यासारखा हात फिरवायचा. अशा रीतीने मी त्याला गड्ड्याच्या जत्रेत कुणाचं काय हरवलं इथपासून पेपरातल्या बातम्यांपर्यंत सगळं सांगते. मॅचचा स्कोअर विचारून तो माझं डोकं खातो, ते वेगळंच.

तो टॉवेल तपासून घड्या घालण्याचं काम घरी आणून करतो. काठावरून अंगठा सरकवत जातो, शिवण सुटलेली असली की तिथेच थांबतो. मधला आडवा धागा तुटलेला असेल तर टॉवेल हातात ताणून बघतो आणि डाव्या बाजूला टाकतो. डोळस माणसाच्या तपासणीतून सुटलेला माल त्याच्या हातून सुटत नाही. कारखानदाराला हे माहीत आहे. मजुरी मात्र डझनावर, सगळ्यांना तीच.

जपानचे सातोशी फुकुशिमा नवव्या वर्षी दृष्टी आणि अठराव्या वर्षी श्रवण गमावून बसले. १९८१ मध्ये त्यांच्या आईने त्यांच्या बोटांवर ब्रेल टंकयंत्रासारखं टिचकावून बोलायला सुरुवात केली. पुढे ते टोकियो विद्यापीठात प्राध्यापक झाले. अमेरिकेच्या हाबेन गिर्मा २०१३ मध्ये हार्वर्डमधून वकील झाल्या. समोरचा माणूस कीबोर्डवर टाइप करतो आणि ते त्यांच्या बोटांखाली ब्रेलमध्ये उमटतं. प्रत्येकाची तऱ्हा निराळी, पण समोर बोटं चालवणारं कुणीतरी लागतंच.

आपल्याकडे १९९५ च्या अपंग कायद्यात बधिरांधांचा उल्लेखच नव्हता. २०१६ च्या कायद्यात तो आला, बहुविकलांगतेच्या खाली. कागदावर नोकरीतल्या आरक्षणातही जागा आहे. प्रत्यक्षात भावाचा दाखला काढताना एका कार्यालयात सांगितलं गेलं, ‘कान नाहीतर डोळे, एकच काहीतरी लिहा.’ एका बँकेत तो सही करायला तयार असताना अंगठा मागितला. ‘यांना काय हवंय?’ हे मला विचारलं, त्याचा हात माझ्या हातात असताना. मी तो प्रश्न त्याच्या तळव्यावर लिहिला. त्याने खुणेनेच सांगितलं, आधी पासबुक भरून द्या.

मी शाळेचे गणवेश शिवते. नगावर पैसे मिळतात. त्याला दवाखान्यात नेलं तर त्या दिवशीची मशीन बंद. मी नसले की तो घरात बसून राहतो. सातरस्ता चौकापर्यंतसुद्धा जात नाही, कारण रस्त्यात काय चाललंय हे त्याला सांगणारं कुणी नसतं. पांढरी काठी आंधळ्याची हे लोकांना कळतं, लाल-पांढरी पट्ट्यांची काठी बधिरांधांची हे पोलिसांनाही ठाऊक नसतं. हॉर्न वाजवत राहतात.

महापालिकांनी उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवायचा असतो. त्यातून व्हीलचेअर, तीनचाकी वाटाव्यात, वाटूच नयेत असं नाही. पण माझ्या भावाला तीनचाकी काय कामाची? या निधीतून शहरातल्या काही मुलामुलींना तळहातावर लिहिणं, हाताला धरून चालवणं, स्पर्शाच्या खुणा एवढं शिकवा आणि तासाप्रमाणे मानधन द्या. शिकायला वर्षं लागत नाहीत. आमच्या बोळातली बारावीची एक मुलगी भावाशी बोलता बोलता आपोआप शिकली. तिला मी विचारून ठेवलंय. मानधन ठरलं तर कॉलेज सुटल्यावर रोज दोन तास द्यायला ती तयार आहे.

आपली,
एक वाचक भगिनी
पूर्व भाग, सोलापूर