पथनाट्यात फास दाखवू नका

संपादक महोदय,

शेतकरी आत्महत्येवरची कितीतरी पथनाट्ये झाडाला दोर टाकून संपतात. समोर मातीत बसलेल्या पोरांमध्ये ज्याच्या घरी हे घडले तोही असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रंगभूमी व चित्रपटवाल्यांसाठी मार्गदर्शिका काढली. आत्महत्येची पद्धत दाखवू नये, असे तीही सांगते. पंगतीतला एक रिकामा पाट पुरतो. गावाला कळते.

अशा घरांतल्या बायांच्या शिबिरात त्यांना उभे करून ‘तुमच्यावर आलेला प्रसंग करून दाखवा’ म्हणणे तर त्याहून वाईट. सुरुवात ओवीने करावी. दळताना बाईची नजर जात्यावर असते, कुणाच्या तोंडाकडे पाहून बोलावे लागत नाही. हाताच्या फेऱ्याबरोबर श्वासही लांबतो. एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची, म्हणजे जिचा गळा दाटून येतो तिची ओळ खाली पडत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या संशोधकांनी सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत. बाप, भाऊ, वैधव्य, सारे त्यांत आहे. जाते नसेल तर सूप हातात द्या. तबला-पेटी नको, सूर गाठायच्या धडपडीत बाई गप्प होते.

नाट्याकडे त्यानंतर वळावे. १९७५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या प्लेबॅक थिएटरची रीत इथे उपयोगी पडते. सांगणारी बाजूला बसते, तिची भूमिका कोण करणार हे तीच ठरवते, करणारे दुसरे असतात. प्रसंग झाला की तिलाच विचारायचे, ‘असंच होतं का?’ नाही म्हणाली तर तिच्या सांगण्याप्रमाणे पुन्हा करायचे. लगाम तिच्या हातात राहतो.

गट दहा-बारा जणींचा, शक्यतो वेगवेगळ्या गावांतला, नाहीतर संध्याकाळी पारावर चर्चा होते. लेकरे सांभाळायला वेगळे माणूस हवे. दार उघडे, मोबाइल बंद. घरातली वर्षश्राद्धाची तिथी आधी विचारून घ्यावी, त्या आठवड्यात प्रसंग करू नये. कुणी एकटक पाहू लागली, हातपाय गार पडले, तर खेळ तिथेच थांबवावा. पाय जमिनीला टेकवायला सांगावे, पाणी द्यावे, समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे घ्यायला लावावीत. रडली म्हणजे मोकळी झाली, हा समज फसवा आहे. रडून घरी गेलेली बाई रात्री जागी असते.

म्हणून दोन तासांतला शेवटचा अर्धा तास यातून बाहेर येण्यासाठी राखावा, दुसऱ्या कशालाही देऊ नये. भूमिका करणारीने भूमिकेसाठी घेतलेली शाल उतरवावी, स्वतःचे नाव मोठ्याने घ्यावे, मग सगळ्यांनी मिळून एखादे सणाचे गाणे म्हणावे. वेळ कमी पडला की आयोजक नेमका हाच भाग कापतात. घरी जाताना प्रत्येकीकडे टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक असावा आणि दोन दिवसांनी कुणीतरी तिच्याकडे जाऊन यावे.

आपल्यालाही एक विनंती. अशा शिबिराची बातमी छापताना रडणाऱ्या बाईचा चेहरा छापू नये. तो अंक तिच्या मुलांच्या शाळेतही जातो.

— नाट्यशिबिरे घेणारे कार्यकर्ते, यवतमाळ